राजीनामा हा शब्द लिहू नका

2019 च्या जूनमध्ये शाळा सुरू होऊन आठवडाच झाला होता. मी अर्ज लिहून ऑफिसात भाऊसाहेबांच्या टेबलावर ठेवला. एकवीस वर्षं त्यांनी माझी पगारबिलं केली, सेवापुस्तकात नोंदी घातल्या, रजांचा हिशोब ठेवला. चष्मा लावून त्यांनी पहिली ओळ वाचली आणि अर्ज परत माझ्याकडे सरकवला. "सर, राजीनामा हा शब्द लिहू नका. स्वेच्छानिवृत्ती लिहा. राजीनामा लिहिलात तर एकवीस वर्षं पाण्यात गेली म्हणून समजा."

मला हे खरोखर माहीत नव्हतं. पेन्शनचे आपले नियम 1982 सालचे. त्यांच्यानुसार राजीनामा दिला की मागची सगळी सेवा पेन्शनसाठी बाद होते. वीस वर्षांची सेवा झालेली असेल आणि तीन महिन्यांची नोटीस दिली, तर स्वेच्छानिवृत्ती मिळते आणि पेन्शन राहतं. माणूस तोच, सुटणारी खुर्ची तीच, फरक फक्त अर्जातल्या शब्दाचा. घरी जाऊन मी अर्ज पुन्हा लिहिला. कारण काय द्यायचं यावर मात्र रात्री उशिरापर्यंत अडून बसलो. चित्रं काढायची आहेत, हे खरं कारण. ते दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. शेवटी सगळे लिहितात तेच लिहिलं, 'वैयक्तिक कारणास्तव'.

मी माणदेशातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत चित्रकला शिक्षक होतो. आता मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढतो आणि उरलेल्या वेळात आमच्याकडची माळरानं रंगवतो. नोकरी सोडल्यापासून मला दोन गोष्टी सतत ऐकाव्या लागल्या. काही जण म्हणतात, काय धाडस केलंत सर, आम्हाला नाही जमणार. काही जण म्हणतात, खेड्यातली पोरं वाऱ्यावर सोडून स्वतःच्या हौसेमागे गेलात. दोन्ही बोलणी मी मनापासून ऐकली आहेत आणि आता मला वाटतं की दोन्हींत मूळ प्रश्न निसटतो. शिकवणाऱ्या माणसाला काही घडवायचं असेल, तर त्याला शिकवणं सोडावंच का लागावं? आणि एकदा सोडलं की परतीचा रस्ता कायमचा बंद का व्हावा? याला जबाबदार माझा स्वभाव नाही आणि माझं नशीबही नाही. आपण नोकरीची रचनाच तशी केली आहे, आणि ती बदलता येते.

धाडसाचं आधी सांगतो, कारण त्या कौतुकाने तरुण शिक्षकांची दिशाभूल होते. मन सांगेल ते करा, पैसा मागून येतो, अशी भाषणं हल्ली फोनवर रोज ऐकू येतात. मी सोडलं तेव्हा घराचं कर्ज फिटलेलं होतं. बायको पतसंस्थेत नोकरीला होती, आहे. मुलगी अकरावीला होती आणि तिच्या पुढच्या शिक्षणाची तजवीज आम्ही दोघांनी आधीच करून ठेवली होती. मी 1998 ला लागलो म्हणून मला जुनं पेन्शन आहे. पगाराच्या निम्म्यापेक्षाही कमी हातात येतं, पण दर महिन्याला येतं. हे सगळं खाली अंथरलेलं होतं म्हणून मी उडी मारू शकलो. ज्याच्याखाली हे नाही त्याला उडी मार म्हणून सांगणं बेजबाबदारपणाचं आहे.

1 नोव्हेंबर 2005 ही तारीख आमच्या पेशात सगळ्यांना पाठ आहे. त्या दिवशी किंवा त्यानंतर जे सेवेत आले त्यांतल्या बहुतेकांना जुनं पेन्शन नाही. त्यांच्या खात्यात पगारातून कापलेले आणि सरकारने घातलेले पैसे साठतात, आणि मध्येच बाहेर पडलं तर त्यातला मोठा हिस्सा वार्षिकीत, म्हणजे पुढे हप्त्याहप्त्याने पैसे देणाऱ्या योजनेत, गुंतवावा लागतो. शिवाय 2000 सालापासून आपल्याकडे शिक्षण सेवक योजना आहे. म्हणजे पहिली तीन वर्षं मानधनावर. प्राथमिकला ते मानधन कितीतरी वर्षं सहा हजार होतं. 2023 च्या जानेवारीपासून ते सोळा हजार झालं, माध्यमिकला अठरा आणि उच्च माध्यमिकला वीस. आधी भरतीची वाट बघण्यात वर्षं गेलेली, मग तीन वर्षं मानधनावर काढलेली, नंतर कुठे कायम पगार सुरू झालेला. अशा माणसाने पस्तिशीत कवितेसाठी नोकरी सोडावी, ही अपेक्षा कुणी करू नये. तो सोडत नाही म्हणून त्याच्यातली कविता खोटी ठरत नाही.

मग आपण त्याला काय सांगतो? नोकरी सांभाळून कर. आणि दाखले देतो. दाखले खरेच मोठे आहेत. वि. स. खांडेकर 1920 ते 1938 शिरोड्याच्या शाळेत शिकवत होते आणि त्याच काळात त्यांनी कथा-कादंबऱ्यांचा ढीग लिहिला. इंदिरा संत बेळगावात शिकवत राहिल्या आणि लिहीत राहिल्या. नारायण सुर्वे मुंबईत पालिकेच्या शाळेत शिपाई होते, पुढे तिथेच शिक्षक झाले आणि 1995 साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. त्याही मागे गेलं तर सावित्रीबाई आहेत. 1848 ला त्या शिकवायला उभ्या राहिल्या आणि 1854 ला त्यांचा कवितासंग्रह छापून आला. मराठी मुलखात शिकवणं आणि लिहिणं पहिल्यापासून एकाच घरात नांदत आलं आहे. तेव्हा सांभाळून होतं की.

या दाखल्यांपुढे मी नम्र आहे, पण ते पुरते सांगितले जात नाहीत. खांडेकरांनी 1938 ला शिरोडं सोडलं आणि ते सिनेमाच्या लेखनासाठी कोल्हापूरला गेले. मराठीला पहिलं ज्ञानपीठ ज्या कादंबरीने मिळवून दिलं ती त्यानंतरची, 1959 सालची. केशवसुत आयुष्यभर मास्तरकी करत राहिले. खानदेशातल्या शाळा झाल्या, शेवटी धारवाड झालं. 1905 साली वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी ते हुबळीला प्लेगने गेले. त्यांच्या हयातीत त्यांचा एकही संग्रह निघाला नाही. पहिला निघाला 1917 ला, ह. ना. आपट्यांच्या हातून. त्यांच्या कवितांची संख्या दीडशेच्याही आत आहे. मराठी कवितेचं वळण बदलणाऱ्या माणसाला आपण इतकाच वेळ देऊ शकलो. नोकरी सांभाळून, म्हणताना हा हिशोबही मांडावा लागेल.

दुसरी गोष्ट, कामाकामात फरक असतो. चार ओळींची कविता मधल्या सुट्टीत सुचते आणि बसमध्ये पुरी होते. व्यक्तिचित्राला सलग उजेड लागतो. तैलरंगात काम करणाऱ्याला माहीत आहे, रंग ओला असताना जे जुळतं ते रविवारी सकाळी तीन तास आणि पुढच्या रविवारी पुन्हा तीन तास, असं जुळत नाही. कादंबरीतली माणसं आठवडाभर सोडून दिली की परकी होतात, असं माझ्या लिहिणाऱ्या सहकारी सांगतात. नाटक बसवायला रोजच्या संध्याकाळी लागतात. ज्या कामाला सलग वेळ लागतो ते काम शिक्षकाच्या हातून हळूहळू गळून पडतं, आणि मग आपण म्हणतो, सरांना आवड होती हो, पण पुढे काही केलं नाही.

शिक्षकाला वेळच वेळ असतो, हा समज गावोगाव आहे. दिवाळीची सुट्टी, उन्हाळ्याची सुट्टी, दुपारी घरी. माझा एक साधा जुलै महिना सांगतो. पहिल्या आठवड्यात वर्गावर्गाचे फलक रंगवणं, कारण शाळेचा रंगकामाचा खर्च वाचतो आणि चित्रकलेचे सर आहेतच. मग वृक्षदिंडीचे फलक. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांचे फॉर्म, फी गोळा करणं, ऑनलाइन भरणं. यूडायसची, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदणीची, माहिती. आधारवर नाव वेगळं आणि दाखल्यावर वेगळं असलेल्या मुलांच्या याद्या. दहावीच्या गुणवंतांचा सत्कार, म्हणजे प्रमाणपत्रांवर शंभर-सव्वाशे नावं वळणदार अक्षरात लिहिणं. मतदार यादीचं काम आलं की दारोदार फिरणं. निवडणुका, जनगणना आणि आपत्ती सोडून इतर अशैक्षणिक कामं शिक्षकाला देऊ नयेत असं 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिलेलं आहे. त्या कायद्यातल्या अपवादांतच आमचा महिना संपतो आणि बाकीचं काम शाळेचंच म्हणून वर येऊन पडतं. माझे रंग, माझा हात, माझी नजर हे सगळं शाळेत रोज वापरलं जात होतं, फक्त चित्र निघत नव्हतं.

आणि तास? दहावीच्या वर्गाला चित्रकलेचा तास वेळापत्रकात असतो आणि ऑगस्टनंतर तो गणिताला जातो. "सर, आज तेवढा तास द्या, प्रमेयं राहिलीत." मी दिला. दर वेळी दिला, कारण गणिताच्या सरांचीही नड खरी होती. वाढीव गुणांसाठी ग्रेड परीक्षा हवी असते, चित्रकला कुणाला नको असते. मी सोडण्याच्या वर्षी माझ्या वाट्याला आलेल्या तासांपैकी किती मी खरोखर घेतले याची नोंद डायरीत आहे. ती इथे देत नाही, कारण ती एका शाळेची बदनामी होईल आणि गोष्ट एका शाळेची नाही.

राज्य सरकारी नोकरांसाठी 1979 चे वर्तणूक नियम आहेत. त्यांत खासगी धंदा किंवा दुसरी नोकरी करायला परवानगी लागते, पण साहित्यिक, कलात्मक किंवा शास्त्रीय स्वरूपाचं 'प्रासंगिक' काम करायला मुभा आहे, मूळ कामात खंड पडता कामा नये एवढ्या अटीवर. या नियमाचा मी आदर करतो, त्याने अनेकांना लिहितं ठेवलं. पण त्यातला 'प्रासंगिक' हा शब्द नीट बघा. कला ही अधूनमधून, सवडीने करायची गोष्ट, असं शासनाने गृहीत धरलं आहे. आमच्या अनुदानित शाळांचे सेवानियम वेगळे असले तरी स्टाफरूमपासून संस्थेच्या ऑफिसपर्यंत समजूत हीच असते. सर चित्रं काढतात, छान छंद आहे.

आता पोरं वाऱ्यावर सोडल्याचं बोलतो. हे मला लागतं आणि लागायलाच हवं.

सहावीच्या वर्गात एकदा मी बैल काढायला सांगितला. पंचेचाळीस मुलांनी बाजूने दिसणारा बैल काढला, पुस्तकात असतो तसा, चार पाय, एक शिंग पुढे आणि एक मागे. एका मुलाने बैल मागून काढला. दोन मोठे गोल पुठ्ठे, मधे शेपूट, वर वशिंडाचं टोक आणि त्याच्याही वर दोन शिंगांची टोकं. वर्ग हसला. मी त्याला विचारलं, असा का रे? तो म्हणाला, "मी गाडीवर बसतो सर, मला असाच दिसतो." ऊसतोडीला जाणाऱ्या घरातला पोरगा होता, दिवाळीनंतर वर्गात नसायचा. मी कलाशिक्षणात आकारलघुत्व, म्हणजे आपल्यापासून लांब जाणारा आकार आखूड दिसणं, शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं. ते खरं काय असतं हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या आजच्या चित्रांत जिथे जिथे जनावर आहे तिथे मी आधी विचारतो, हे बघणारा कुठे बसला आहे?

औंध आमच्यापासून जवळ. दरवर्षी मी एक वर्ग तिथे नेत असे. यमाईच्या डोंगरावर बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेलं ते संग्रहालय. स्वतः चित्रकार असलेला संस्थानिक, त्याने खटावच्या माळावर रविवर्म्याची चित्रं आणून ठेवली. तिथे हेन्री मूरचं आई आणि मुलाचं दगडी शिल्प आहे. इंग्लंडातला मोठा शिल्पकार, आणि त्याच्यासमोर आमची आठवीची मुलगी उभी राहून म्हणते, "सर, हिला तोंड नाही तरी ही आईच वाटतीय." असं वाक्य घरी बसून चित्रं काढणाऱ्याला कुणी देत नाही.

म्हणून, नोकरी सोडल्यावर पहिले आठ महिने माझ्या हातून मुलांची चित्रं धड होईनात. पुस्तकासाठी मुलं काढायची होती आणि कागदावर बाहुल्या उतरत होत्या. वेळ भरपूर होता. उत्तरेचा उजेड येणारी खोली होती. पण धक्काबुक्की करत रांगेत उभी राहणारी, नाक पुसत रंग मागणारी, चप्पल हरवली म्हणून रडणारी मुलं रोज डोळ्यांसमोर नव्हती. मला वाटलं होतं शाळेने माझी कला अडवली आहे. अडवलीच होती. पण जे काढायचं होतं तेही शाळेनेच दिलेलं होतं. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे, आणि ते पचवायला मला वेळ लागला.

आणि शाळेचं काय झालं? माझी जागा भरली गेली नाही. पटाचा आणि तासांचा हिशोब होऊन संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक हे सरकार ठरवतं त्यात, चित्रकलेचं पद निघालं नाही. आता तो विषय ज्यांच्याकडे तास कमी आहेत ते शिक्षक घेतात. त्यांच्यात दोष नाही, त्यांना तो शिकवलाच गेलेला नाही. माझ्यामागून येणाऱ्या मुलांना चित्रकलेचा शिक्षक मिळाला नाही याला माझा निर्णय कारण आहे, हे मी नाकारत नाही. पण एक माणूस गेला की विषयच बंद पडतो, अशी व्यवस्था ज्यांनी केली त्यांनाही हा प्रश्न विचारला पाहिजे. बँकेतला कारकून निवृत्त झाला म्हणून कुणी बँकेची खिडकी विटा रचून बुजवत नाही.

साने गुरुजींचं उदाहरण मी पुन्हा पुन्हा मनाशी घोळवतो. 1924 ते 1930 ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते, छात्रालय बघत होते, मुलांसाठी हाताने 'छात्रालय दैनिक' लिहीत होते. 1930 ला स्वातंत्र्यलढ्यासाठी त्यांनी शाळा सोडली. आईच्या आठवणींचं त्यांचं पुस्तक 1933 ला नाशिकच्या तुरुंगात लिहून झालं. ते वाचताना समोर बसून ऐकणारी मुलं सतत जाणवतात. ती मुलं त्यांना छात्रालयाने दिली. सलग बसून लिहायला दिवस मिळाले ते तुरुंगात. कलेला हे दोन्ही लागतं, शाळेतली माणसं आणि शाळेबाहेरचा वेळ. आज आपण शिक्षकाला यांतलं एकच निवडायला लावतो.

माझी मागणी यातूनच निघते. शाळेतल्या शिक्षकाला, मग तो जिल्हा परिषदेचा असो की अनुदानित संस्थेचा, दहा वर्षांच्या सेवेनंतर एक वर्षाची रजा लेखन, चित्र, संगीत, नाटक अशा कामासाठी मिळाली पाहिजे. जागेवरचा हक्क कायम, सेवा अखंड, परत आल्यावर तीच शाळा. पूर्ण पगार देता येत नसेल तर अर्धा द्या. तोही देता येत नसेल तर बिनपगारी द्या, पण हक्काची द्या, कुणाच्या मर्जीवरची नको.

हे काही आकाशातून आणलेलं नाही. विद्यापीठं आणि महाविद्यालयांत ठराविक वरिष्ठ पदावर सात वर्षं झालेल्या कायम प्राध्यापकांना अभ्यास-संशोधनासाठी अशी रजा मिळू शकते, एका वेळी एक वर्ष, सगळ्या नोकरीत दोन वर्षं. राज्याच्या 1981 च्या रजा नियमांत अध्ययन रजा आहे, परत येऊन सेवा करण्याचं बंधपत्र लिहून घेऊन ती देतात. 2018 साली महाराष्ट्राने 180 दिवसांची बालसंगोपन रजा दिली. तेव्हाही कुरकुर झाली होती, मग शाळा कोण चालवणार म्हणून. शाळा चालल्या. विद्यापीठात शोधनिबंध लिहिणाऱ्याला जी सवड आपण योग्य मानतो, ती सहावीच्या वर्गाला गोष्ट सांगणाऱ्याला का नाही? लहान मुलांना शिकवणाऱ्याचं डोकं भरलेलं असण्याची गरज उलट जास्त आहे.

यावर येणारे आक्षेप मला माहीत आहेत, स्टाफरूममध्येच ऐकले आहेत. रजा घेऊन लोक शिकवण्या घेतील. काही घेतील. त्यासाठी आधी कामाचा आराखडा मागा, वर्षअखेर काम दाखवायला सांगा आणि परतल्यावर तीन वर्षं सेवा बंधनकारक करा. चित्रं असतील तर शाळेच्या सभागृहात मांडू दे, कादंबरी असेल तर हस्तलिखित ठेवू दे. कामाचा दर्जा मात्र कुणी तपासू नये. वर्षभर राबून वाईट कादंबरी लिहिण्याचाही अधिकार शिक्षकाला असला पाहिजे, एरवी समितीला आवडेल तेच लिहिलं जाईल.

दुसरा आक्षेप पैशांचा आणि मनुष्यबळाचा. आधीच जागा रिकाम्या, त्यात हे. रजा बिनपगारी असेल तर वाचलेल्या पगारात बदली शिक्षक येतो आणि पैसे उरतात. तो बदली शिक्षक अठरा हजारांवर राबवला जाऊ नये, हे मी ठासून म्हणतो. वाचलेला पगार त्याच्यावरच खर्च व्हावा. एका डीएड, बीएड किंवा एटीडी (चित्रकला शिक्षकाची पदविका) झालेल्या बेकार तरुणाला वर्षभर नीट पगारावर वर्ग मिळणं, यात कुणाचं नुकसान आहे?

आणि जे माझ्यासारखे बाहेर पडले आहेत, त्यांच्यासाठी शाळेचं दार किलकिलं तरी ठेवा. सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अर्धवेळ निदेशक असावेत, असं शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात गावातले कलावंत, लेखक, कारागीर यांना शाळेत आणण्याविषयी लिहिलेलं आहे. मी आठवड्यातून दोन दिवस जायला तयार आहे. हे मी लेखी कळवलं आहे. उत्तर आलेलं नाही, कारण निवृत्त माणसाला चित्रकलेसाठी पुन्हा वर्गात घ्यायचं खर्चाच्या कोणत्या शीर्षाखाली, हे कुणालाच ठरवता येत नाही.

खासगी शाळांसाठी 1977 चा कायदा आहे. त्यात शिक्षकाने राजीनामा दोन प्रतींत लिहावा, दोन्हींवर सही आणि तारीख घालावी, एक प्रत संस्थेला रजिस्टर पोस्टाने पाठवावी आणि दुसरी आपल्याजवळ ठेवावी, असं सांगितलं आहे. जबरीने लिहून घेतलेल्या राजीनाम्यांपासून शिक्षकाला वाचवण्यासाठी ही तजवीज. ज्यांनी ती लढून मिळवली त्यांचे उपकार आहेत. त्यांना शिक्षकाला हाकलून देतील याची भीती होती आणि त्यांनी त्यावर कायदा आणला. आज शिक्षक आतल्या आत वाळून जातो आहे, त्यावरही कायदा आणता येईल. संघटनांनी पेन्शनसाठी जेवढा जोर लावला त्याचा दहावा हिस्सा यासाठी लावला तरी पुष्कळ.

एक गोष्ट मला उशिरा दिसली, आणि ती दिसल्यापासून मी या मागणीबद्दल जास्त आग्रही झालो. मी नोकरी सोडली तेव्हा मला वेळ मिळाला. घरात बाप दिवसभर खोलीत चित्र काढतो आहे, हे सगळ्यांनी मान्य केलं. सकाळचा चहाही खोलीत येतो. माझ्या सहकारी बाईंनी नोकरी सोडली असती तर त्यांना हे मिळालं असतं का? त्या मराठी शिकवतात, चोवीस वर्षं झाली. त्यांच्या कथा दिवाळी अंकांतून येतात आणि आता एक कादंबरी अर्ध्यावर आहे. मी त्यांना एकदा म्हटलं, बाई, तुम्हालाही स्वेच्छानिवृत्ती मिळेल की. त्या म्हणाल्या, "सर, मी घरी राहिले की सासूबाईंचं औषध, नातवंडाची शाळा, आल्यागेल्याचा स्वयंपाक, सगळं माझ्याकडे येईल. आत्ता निदान मधल्या सुट्टीची वीस मिनिटं माझी आहेत." त्यांनी नोकरी सोडली तर वेळ घर घेईल. त्यांना हवी आहे ती कागदावरची, तारखेपासून तारखेपर्यंतची, कामाच्या नावाने दिलेली रजा, जी दाखवून घरी सांगता येईल की हे माझं काम आहे, यासाठी मला शाळेने मोकळं केलं आहे.

गेल्या महिन्यात त्यांनी सहा महिन्यांच्या बिनपगारी असाधारण रजेचा अर्ज करायचं ठरवलं. शब्द नीट लिहावेत म्हणून मला दाखवायला घरी आल्या. बाकी सगळं भरलेलं होतं, नाव, पद, सेवेत लागल्याची तारीख, रजेचा कालावधी, रजेच्या काळातला पत्ता. 'रजेचे कारण' ही ओळ कोरी होती. मी म्हटलं, लिहा ना, कादंबरी पूर्ण करायची आहे. त्यांनी पेन हातात धरून माझ्याकडे पाहिलं. "मंजूर करतील?" मला हो म्हणता आलं नाही. थोडा वेळ थांबून त्यांनी त्या ओळीवर लिहिलं, 'घरगुती अडचण', आणि खाली सही केली.